आभाळाचा सातबारा



आपल्या गावात कोणालाही विचारा, की बाबा रे, तुझ्या रानाची हद्द कुठवर? तो बोट करून दाखवील. इकडे बांध, तिकडे ओढा, पलीकडे शेजाऱ्याची बाभळ आणि अलीकडे मोजणीदाराने पुरलेला दगड. वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ तालुक्याच्या कोर्टात वर्षानुवर्षे खेपा घालतात, हे आपण पाहतोच. पण त्याच गृहस्थाला विचारा, की तुझी हद्द वर कुठवर? तो हसेल. "वरचं देवाचं," म्हणेल. फार तर आपल्या माडाच्या शेंड्यापर्यंत हात नेईल.

हे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या पुरले. आता ते पुरेनासे झाले आहे. लग्नाच्या मांडवावर, पालखीच्या गर्दीवर, भाताच्या खाचरावर, घराच्या गच्चीवर घूं घूं करीत एक यंत्र येते, क्षणभर थांबते, खाली पाहते आणि निघून जाते. त्यात माणूस बसलेला नसतो. चालवणारा दूर कुठे तरी हातात पेटी घेऊन उभा असतो. यालाच ड्रोन म्हणतात. ड्रोन म्हणजे इंग्रजीत मधमाश्यांतला नर. १९३५ च्या सुमारास ब्रिटनमध्ये तोफखान्याच्या नेमबाजीच्या सरावासाठी बिनवैमानिकाचे एक विमान तयार झाले. त्याचे नाव 'क्वीन बी', म्हणजे राणीमाशी. त्यावरूनच पुढे अशा विमानांना ड्रोन म्हणू लागले, असे मानतात. आता हे यंत्र माझ्या अंगणावर आले, तर मी त्याला हटकावे की नाही? आणि मला ते उडवायचे असेल, तर मी कोणाला विचारावे? ग्रामपंचायतीला, महापालिकेला, फौजदाराला, की दिल्लीला?

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ जुन्या गोष्टीत आहे, म्हणून जरा मागे जाऊ.

मध्ययुगातल्या युरोपीय कायदेपंडितांचे एक सूत्र होते: ज्याची जमीन, त्याचेच वरचे आकाश आणि खालचे पाताळ. हे सूत्र फार रुबाबदार होते आणि फार बिनखर्चाचेही होते, कारण तोवर आकाशात कोणी जातच नव्हते. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या अंगणात आली किंवा त्याच्या छपराची पन्हळ आपल्या भिंतीवर गळू लागली, तर भांडायला ते उपयोगी पडे. खरी अडचण आली ती १७८३ साली. त्या वर्षी फ्रान्समध्ये माणसाने फुगे उडवले. २७ ऑगस्ट १७८३ रोजी पॅरिसहून सोडलेला हायड्रोजनचा एक मोठा फुगा, आत कोणी नसलेला, गोनेस नावाच्या खेड्यात जाऊन पडला. गावकऱ्यांनी तो राक्षस समजून काट्या-कुदळींनी फाडून टाकला. आपण त्यांना हसू नये. आकाशातून न विचारता आलेल्या वस्तूचे स्वागत कसे करावे, याचा तोपर्यंत कोणताच पाठ त्यांना कोणी दिलेला नव्हता. आणि तोही, बघा, बिनमाणसाचाच फुगा होता.

पुढच्याच वर्षी, २३ एप्रिल १७८४ रोजी, पॅरिसच्या पोलिसप्रमुखाने हुकूम काढला, की परवानगीवाचून कोणी फुगा उडवू नये. आग लागेल, लोकांच्या अंगावर पडेल, ही कारणे. जगातला हवाई कायद्याचा पहिला नियम म्हणून याच हुकुमाकडे बोट दाखवतात. राजाने किंवा कोणत्या संसदेने तो केला नव्हता. एका शहराच्या पोलिस कचेरीने तो केला होता. ही गोष्ट श्रोत्यांनी मनात ठेवावी. पुढे आपल्याला तिची गाठ पुन्हा पडणार आहे.

आपल्याकडे विमान आले ते १९११ साली. त्या वर्षीच्या १८ फेब्रुवारीस आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीपर्यंत सुमारे साडेसहा हजार पत्रे विमानाने नेली. जेमतेम सहा मैलांची ती फेरी. पण टपाल विमानाने जाण्याची जगातली ती पहिली सरकारी खेप समजली जाते. आणि सरकार किती सावध असते पाहा. त्याच १९११ सालात हिंदुस्थान सरकारने हवाई नौकांविषयी कायदाही केला. देशात विमाने बोटांवर मोजण्याइतकी, पण कायदा तयार!

मुंबईचे काही श्रोते इथे मला अडवतील आणि म्हणतील, की शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर बिनमाणसाचे विमान उडवले होते, ते विसरलात काय? विसरलो नाही. ही गोष्ट आपल्याकडे मोठ्या प्रेमाने सांगितली जाते. परंतु त्या उड्डाणाचा त्या काळचा भरवशाचा पुरावा पुढे आलेला नाही, आणि ज्या वैमानिक शास्त्राच्या पोथीशी तिचे नाते जोडतात, त्या पोथीतली विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली काढला. इतिहास सांगताना प्रेम एका बाजूला ठेवावे लागते. असो.

पहिल्या महायुद्धात विमानांनी बाँब टाकले आणि 'वरचं देवाचं' ही समजूत सगळ्या जगाने एकदम सोडली. १९१९ साली पॅरिसमध्ये करार झाला, की प्रत्येक राष्ट्राचा आपल्या भूमीवरच्या हवेवर पूर्ण आणि एकट्याचा अधिकार आहे. म्हणजे आकाशाचा धनी कोण, याचे उत्तर ठरले: राष्ट्र. जमीनमालकाला कोणी विचारले नाही. १९४४ च्या शिकागो करारात हेच तत्त्व पुन्हा आले, आणि त्याच्या आठव्या कलमात तर 'वैमानिकाशिवायचे विमान' हे शब्दच आहेत: असे विमान दुसऱ्या राष्ट्राच्या खास परवानगीवाचून त्याच्या भूमीवर नेता येणार नाही. ज्यांनी हे कलम लिहिले, त्यांच्या डोळ्यांपुढे लग्नातले छायाचित्रकार खचितच नव्हते.

या दोन करारांच्या मधल्या काळात आपला कायदा घडला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले. दोनच वर्षांनी, १९३४ साली, विमान कायदा झाला आणि १९३७ साली त्याखालचे नियम. हा कायदा थोडाथोडका नव्हे, नव्वद वर्षे चालला. १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आला. पण आपल्या प्रश्नाचे मर्म १९३४ च्या त्या कायद्यातच आहे, म्हणून त्यातल्या दोन-तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट गमतीची. 'विमान' कशाला म्हणावे, याची त्या कायद्यातली व्याख्या इतकी ऐसपैस होती, की हवेच्या आधाराने वर राहणारे कोणतेही यंत्र तिच्यात बसे. फुगे, ग्लायडर ही नावे तर होतीच. पण पतंगही होता! संक्रांतीला गच्चीवर चढणारा प्रत्येक पोरगा कायद्याच्या भाषेत विमानाशी खेळत होता म्हणा ना. कोणी त्याला धरले नाही, हा व्यवहाराचा शहाणपणा. पुढे ड्रोन आला, तेव्हा सरकारला तो कायद्यात बसवायला नवा शब्द शोधावा लागला नाही. पतंगाच्या शेजारी त्याच्यासाठी जागा होतीच.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. त्या कायद्याच्या सतराव्या कलमात म्हटले होते, की वारा, हवामान वगैरे पाहता योग्य इतक्या उंचीवरून विमान गेले, तर केवळ ते आपल्या मिळकतीवरून गेले एवढ्याच कारणासाठी मालकाला अतिक्रमणाची किंवा उपद्रवाची फिर्याद लावता येणार नाही. म्हणजे ते जुने रुबाबदार सूत्र आपल्याकडे एका कलमाने संपले. जमीन तुझी, आकाश तुझे नव्हे. मात्र 'योग्य उंची' म्हणजे किती, हे त्या कलमाने सांगितले नाही. तो फटीतला दगड तिथेच राहिला आणि आज ड्रोनला ठेच लागते ती त्यालाच.

अमेरिकेत हा दगड एका कुक्कुटपालकाने उपटून काढला. उत्तर कॅरोलिनात ग्रीन्सबरो गावाजवळ कॉजबी नावाच्या माणसाचा कोंबड्यांचा धंदा होता. दुसऱ्या महायुद्धात शेजारच्या विमानतळावर लष्करी विमाने येऊ लागली. ती त्याच्या घरावरून अवघ्या ६७ फुटांवरून जात. रात्री झोप नाही. आणि कोंबड्या भेदरून भिंतींवर आपटून मरू लागल्या. अशा सुमारे दीडशे कोंबड्या गेल्या, धंदा बसला. कॉजबी सरकारवर कोर्टात गेला. १९४६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जमिनीबरोबर आकाशही थेट ताऱ्यांपर्यंत मालकाचे, हे सूत्र आता चालणार नाही. विमानांना वाट पाहिजे. पण जमिनीचा उपभोग घेण्यासाठी लागून असलेली जी वरची हवा आहे, ती मालकाचीच. तिच्यातून सरकारने सतत विमाने नेली, तर ते जमीन घेण्यासारखेच झाले, आणि त्याची भरपाई दिली पाहिजे. जगातल्या सगळ्या कायदेपंडितांनी मिळून जे स्पष्ट केले नव्हते, ते दीडशे कोंबड्यांनी करून घेतले.

तिसरी गोष्ट आपल्या मुंबईची. १९३७ च्या नियमांच्या परिशिष्टात ज्या जागांवरून विमान नेण्यास मनाई होती, त्यांत मलबार हिलवरच्या पारशी समाजाच्या दखम्याचा उल्लेख होता. त्याभोवतीचा सुमारे एक मैलाचा घेर. तिथे काही तोफखाना नव्हता, दारूगोळा नव्हता. मृतांचे अखेरचे विधी होतात, तिथे वरून कोणी पाहू नये, एवढीच भावना. सरकारने ती भावना मानली आणि नकाशावर वर्तुळ काढले. मला हे वर्तुळ सगळ्यांत अर्थपूर्ण वाटते. वरून पाहणे हासुद्धा एक प्रकारचा स्पर्श आहे, हे तेव्हाच ओळखले गेले होते. उडत्या विमानातून परवानगीवाचून छायाचित्रे घेऊ नयेत, असाही एक नियम त्याच संग्रहात होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. पण त्याची जाणीव या वर्तुळात कधीचीच होती.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटना आली. तिने कामांच्या याद्या केल्या. विमाने आणि हवाई वाहतूक केंद्राच्या यादीत गेली. जमीन, पोलिस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि स्थानिक स्वराज्य ही राज्याच्या यादीत. शाळेत नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या गुरुजनांनी हे उदाहरण वर्गात अवश्य घ्यावे. ड्रोन जमिनीवर ठेवलेला असतो, तेव्हा तो राज्याच्या आणि महापालिकेच्या हद्दीत असतो. तो वीतभर उचलला, की दिल्लीच्या हद्दीत जातो. आणि खाली कोणाच्या डोक्यावर पडला, की पुन्हा राज्याच्या पोलिसांकडे येतो.

आता ड्रोनकडे येऊ. २०१४ च्या मे महिन्यात मुंबईत एका उपाहारगृहाने लोअर परळकडून वरळीकडे एका उंच इमारतीच्या गच्चीवर ड्रोनने पिझ्झा पोहोचवला. शहरात त्याचे कौतुक झाले आणि पोलिसांनी चौकशीही केली. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने जाहीर सूचना काढली, की नियम होईपर्यंत कोणीही खासगीरीत्या असली यंत्रे उडवू नयेत. 'होईपर्यंत' हा शब्द सरकारी कागदावर फार लांबतो. नियम यायला २०१८ चा ऑगस्ट उजाडला आणि ते अमलात आले १ डिसेंबर २०१८ रोजी. मधली चार वर्षे बाजारात ड्रोन मिळत होते, लग्नांत उडत होते, आणि कायद्याने ते बंद होते.

यात नवी मुंबईच्या वाट्याला एक वेगळाच मान आला. पवईच्या आयआयटीतून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी २००७ साली 'आयडियाफोर्ज' ही कंपनी काढली. तिची कचेरी महापे इथे आहे. 'थ्री इडियट्स' या २००९ च्या चित्रपटात जे चार पंखांचे यंत्र दिसते, ते याच मंडळींचे. म्हणजे ज्या शहराच्या आकाशात ड्रोन उडवणे आज इतके अवघड, त्याच शहराच्या औद्योगिक पट्ट्यात देशाच्या सैन्यासाठी ड्रोन तयार होतात.

२०१८ च्या नियमांत कागदपत्रांचा मोठा डोंगर होता. १२ मार्च २०२१ रोजी नवे नियम आले, तेही तसेच जडशीळ. मग २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनने स्फोटके टाकण्यात आली. आता सगळेच बंद होणार, अशी पुष्कळांची अटकळ होती. झाले उलटेच. २५ ऑगस्ट २०२१ रोजी आलेल्या ड्रोन नियमांनी पंचवीस अर्जांचे पाच केले, बहात्तर प्रकारच्या शुल्कांचे चार केले, आणि दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपये ठेवली. बंदी घातल्याने वाईट माणूस थांबत नाही, चांगला मात्र अडतो, असा विचार त्यामागे असावा. मला तो पटतो. अर्थात सगळ्यांनाच तो पटला असे नाही.

या नियमांचे सार साध्या शब्दांत असे आहे. अडीचशे ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो', दोन किलोपर्यंतचा 'सूक्ष्म', पंचवीस किलोपर्यंतचा 'लहान', आणि त्यापुढे मध्यम व मोठे. नॅनोला, आणि धंद्यासाठी न वापरलेल्या सूक्ष्म ड्रोनला, चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. इतरांना लागते, त्यासाठी वय अठरा ते पासष्ट, शिक्षण दहावी पास, आणि मान्य संस्थेतले प्रशिक्षण. पूर्वी याला परवाना म्हणत, २०२२ पासून प्रमाणपत्र म्हणतात. पासपोर्टाची अट होती. ती २०२३ मध्ये काढली. ही अट निघाली, हे खेड्यातल्या मुलांच्या दृष्टीने फार बरे झाले. औषध फवारणीचा ड्रोन चालवायला शिकणाऱ्या बचत गटातल्या बाईला पासपोर्ट कशाला हवा? तिला काही परदेशी जाऊन फवारणी करायची नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नकाशा. २४ सप्टेंबर २०२१ रोजी देशाच्या आकाशाचा नकाशा सरकारने संकेतस्थळावर ठेवला. त्यात तीन रंग आहेत. हिरव्यात चारशे फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, परवानगी विचारायची गरज नाही. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी लागते. तांबड्यात केंद्र सरकारचीच. चालू विमानतळाच्या कुंपणापासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवे आकाश फक्त दोनशे फूट उंच आहे. त्याहून आत गेले, की पिवळी आणि तांबडी वर्तुळे सुरू होतात. मराठवाड्यातल्या किंवा खानदेशातल्या बहुतेक शेतांवर आकाश हिरवे आहे. जव्हारहून झापसारख्या दुर्गम पाड्यावर डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोनने लस पोहोचवली गेली, ती अशाच मोकळ्या आकाशातून.

शहराची गोष्ट निराळी. तिथे या नकाशाच्या वर आणखी एक कागद येऊन बसतो, तो पोलिसांचा. ड्रोन नियमांप्रमाणे राज्य सरकारला किंवा पोलिसांना एखाद्या जागेवर तात्पुरता तांबडा विभाग जाहीर करता येतो. पण तो एका वेळी ९६ तासांहून जास्त नाही, पोलिस अधीक्षकाच्या दर्जाहून खालच्या अधिकाऱ्याने नाही, आणि त्याची जागा शक्य तितकी लहान ठेवून. इतका विचार करून केलेला नियम! प्रत्यक्षात मात्र मोठ्या शहरांचे पोलिस आयुक्त दुसरेच हत्यार काढतात: फौजदारी प्रक्रिया संहितेचे जुने १४४ कलम, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १६३ वे कलम झाले आहे. या कलमाखालचा हुकूम दोन महिन्यांपर्यंत चालतो. मुंबईत ड्रोन, पॅराग्लायडर, हलकी विमाने आणि गरम हवेचे फुगे यांवर महिना-महिन्याचे मनाई हुकूम वेळोवेळी निघत आले आहेत. २०२५ च्या मे महिन्यात पाकिस्तानशी चकमक झाली, तेव्हाही निघाला. म्हणजे नकाशा हिरवा असला, तरी खाली हुकूम लागू असू शकतो. आणि पाहा, १७८४ च्या पॅरिसमध्येही हुकूम काढला होता तो पोलिस कचेरीनेच.

या हुकुमांमागची भीती खोटी नाही. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र ज्या शहराने पाहिली, त्याला भीती बाळगण्याचा अधिकार आहे. पण संकटासाठी दिलेले कलम नित्याचे झाले, म्हणजे सामान्य माणसाला कळेनासे होते, की आज आकाश उघडे आहे की मिटलेले. कायदा पाळणाऱ्याला तो सापडला तर पाहिजे!

आता नवी मुंबईकडे नीट पाहू. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे व त्या वेळचा कुलाबा या जिल्ह्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. भातखाचरे गेली, मिठागरे गेली. मोबदल्यावरून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व आले. मग विमानतळ ठरला. १८ फेब्रुवारी २०१८ रोजी त्याची कोनशिला बसली. उलव्याचा डोंगर सुरुंगांनी उतरवला, उलवे नदीचा प्रवाह वळवला, आणि दहा गावे उठली: चिंचपाडा, कोल्ही, कोपर, उलवे, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे, वाघिवली, वाघिवलीवाडा आणि वरचे ओवळे. या खेपेला साडेबावीस टक्के विकसित जमीन देण्याचे ठरले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमाने सुटू लागली.

नियमातला 'चालू विमानतळ' हा शब्द इथे येऊन बसतो. विमानतळ चालू झाला, की त्याच्या कुंपणापासून अंतरे मोजायची. उलवे, पनवेल, बेलापूर हे सारे आठ किलोमीटरच्या आत येतात. उठलेल्या गावांचे पुनर्वसन वडघर, उलवे या बाजूस झाले, तेही आतच. पश्चिमेस खाडीपलीकडे ट्रॉम्बेचे अणुकेंद्र, दक्षिणेस करंज्याचा नौदलाचा शस्त्रसाठा, आणि मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर. शिवाय मुंबईचा जुना विमानतळ आहेच. या साऱ्यांची वर्तुळे नकाशावर काढली, तर मोकळे आकाश उरते ते फाटक्या चादरीच्या तुकड्यांएवढे. इमारतींच्या उंचीवरही केंद्राचे २०१५ चे नियम आहेतच.

मी असे म्हणत नाही, की ही वर्तुळे नकोत. उतरणाऱ्या विमानात दीडदोनशे माणसे असतात. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरला फ्लेमिंगोंचा थवा एका प्रवासी विमानाला धडकला. ३९ पक्षी मेले आणि विमानालाही इजा झाली. पाखराने एवढे होते, तर धातूच्या यंत्राने काय होईल? आणि ठाण्याच्या खाडीत, नेरूळच्या तळ्यात उतरणाऱ्या त्या पाखरांवर छायाचित्रासाठी ड्रोन नेणाऱ्यांनीही जरा विचार करावा.

पण हिशेबाची एक बाब नोंदली पाहिजे. जमीन घेतली, तेव्हा तिचा सातबारा होता. म्हणून भांडता आले. साडेबारा टक्के मागता आले, साडेबावीस मागता आले. आकाश घेतले, तेव्हा मागायला काही कागदच नव्हता. मूळच्या आगरी-कोळी घरातल्या ज्या मुलाची शेती गेली, त्याने उद्या कॅमेरा आणि ड्रोन घेऊन लग्नाच्या चित्रीकरणाचा धंदा करायचे म्हटले, तर त्याच्या स्वतःच्या दारात त्याला वर्तुळ आडवे येते; विदर्भातल्या त्याच वयाच्या मुलाला येत नाही. त्याला काय द्यावे, हा प्रश्न अजून कोणत्याच परिपत्रकात विचारलेला मला दिसला नाही. ठराविक जागा, ठराविक वेळ आणि लवकर मिळणारी परवानगी, एवढे जरी स्थानिकांसाठी नीट ठरले, तरी पुष्कळ होईल. कॉजबीच्या कोंबड्यांची आठवण कोंबडभुज्यावरून जाताना मला होते, ती उगीच नव्हे.

शेवटी एक गोष्ट गावाकडच्या श्रोत्यांसाठी, कारण तिच्यात ड्रोन आणि सातबारा खरोखरच समोरासमोर येतात. शेताला सातबारा असतो. पण गावठाणातल्या घराला पुष्कळ ठिकाणी मोजणीचा कागदच नव्हता. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी भूमी अभिलेख खात्याने ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग केला, आणि तो पुढे राज्यभर नेला. २४ एप्रिल २०२० पासून केंद्राच्या स्वामित्व योजनेने हेच काम सुरू झाले. मोजणीच्या आधी गावकऱ्यांनी आपापल्या घराच्या, परसाच्या हद्दी चुन्याने आखायच्या. वरून ड्रोन छायाचित्रे घेतो. त्यावरून नकाशा होतो, हरकती ऐकल्या जातात आणि मग मिळकत पत्रिका मिळते.

यात लक्ष द्यायचे ते चुन्याच्या रेघेकडे. वरचा डोळा फक्त जे आखले आहे तेच पाहतो. शेजाऱ्याशी वाद असेल, बोळ कोणाचा हे ठरले नसेल, म्हातारीच्या नावचा गोठा परसात असेल, तर ते आधी जमिनीवर बसून मिटवावे आणि मगच चुना टाकावा. मोजणीच्या दिवशी घरी कोणीतरी हजर असावे. नकाशा चौकशीसाठी येईल, तेव्हा शिक्षक मंडळींनी तो चावडीवर वाचून दाखवावा, कारण बारीक अक्षर आणि गट-क्रमांक सगळ्यांनाच उमजत नाहीत. ही योजना ग्रामीण गावठाणांसाठी आहे. नवी मुंबईतली जी गावे महापालिकेत गेली, त्यांच्या गावठाणाबाहेर वाढलेल्या घरांचा प्रश्न निराळा आहे, आणि तिथल्या लोकांची सीमांकनाची मागणी जुनी आहे.